दोन ड्रायव्हर, एक गाडी : तासांचा हिशेब



लागणीपासून खोडव्यापर्यंत या पानावर आम्ही पुष्कळ लिहिले. मात्र तुटलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत ज्याच्या ताब्यात असतो त्या ड्रायव्हरच्या तासांबद्दल आजवर एक ओळही लिहिली नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच ऊसबिलातून जातो. कित्येक सभासदांच्या स्वतःच्या गाड्याही कराराने लागतात. तेव्हा ठेकेदाराचा विषय म्हणून हात झटकता येत नाहीत.

गटात फिरताना हमखास ऐकू येते, "साहेब, आमच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हायेत, गाडी चोवीस तास चालती." हे गणित एकदा नीट मांडून पाहू.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने मापे घालून दिली ती अशी. दिवसाला काम ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम करण्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. विश्रांती धरून कामाचा पसारा १२ तासांच्या आत. आणि आजची ड्यूटी संपल्यापासून उद्याची सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने वाहतुकीच्या गाड्यांवरील चालकांना हेच तास लावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली. तिच्यातही दिवसाची मर्यादा ८ तासच आहे. बाकी हिशेबाला आम्ही येथे जुनेच माप धरतो, कारण ते खास मोटारीवरच्या माणसासाठी आखले होते.

यात लोक ८ तासांकडे बघतात आणि १२ तासांचा पसारा विसरतात. एक खेप धरून चालू. सकाळी सहाला गाडी फडात लागली. मोळ्या भरून, साखळी आवळून निघायला अकरा वाजले. साडेबाराला यार्डात. पुढे नंबर लागेपर्यंत सहा तास. काटा, गव्हाण आणि पुन्हा रिकाम्या गाडीचा काटा यात एक तास. परतीला एक तास. रात्रीचे साडेआठ झाले. स्टिअरिंगवर माणूस होता अवघे अडीच तास, पण घराबाहेर साडेचौदा तास! "दिवसभर बसूनच तर होता की" असे आपण म्हणतो. यार्डातले बसणे कसले असते ते एकदा रात्री येऊन पाहावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी रांग हलते, मागचा हॉर्न मारतो, डोळा लागला की नंबर गेला. त्यातून बहुतेकांची मजुरी खेपेवर. थांबल्याचे पैसे नाहीत, म्हणून थांबलेला वेळ पुढच्या खेपेत भरून काढायची घाई.

आता दुसरा ड्रायव्हर आणू. पहिला सहा ते साडेबारा, यार्डाच्या दारात अदलाबदल, दुसरा साडेबारा ते साडेआठ. साडेसहा आणि आठ तास. दोघेही मापात बसले. पण त्याला एक अट आहे. सुटलेल्या ड्रायव्हरने खरोखर घरी किंवा खोपीवर जाऊन झोपले पाहिजे. आपल्याकडे तो केबिनमध्येच शेजारी बसून राहतो. मग दोन ताजी माणसे मिळण्याऐवजी दोन दमलेली माणसे मिळतात.

परदेशातही हाच पेच आहे. अमेरिकेत सलग १० तास सुटी झाल्यावर ११ तास गाडी चालवता येते, तीही ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. तेथे जोडीतला एकजण चालत्या ट्रकच्या बर्थवर झोपला तर ती झोप धरतात, पण बर्थचे मापसुद्धा नियमाने ठरलेले आहे. युरोपीय संघाचा २००६ चा नियम अधिक कडक. जोडी असली तरी प्रत्येकाला ३० तासांच्या आत ९ तासांची विश्रांती, आणि ती गाडीत घ्यायची तर गाडी उभी पाहिजे. आपल्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर आणि मागे आडवे होण्याइतकी सीट सक्तीची होती. दोन ड्रायव्हरांची सक्ती २०१८ मध्ये उठली.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधगिरी रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० ची आहे. म्हणजे जो दारूला शिवत नाही असे आपण कौतुकाने सांगतो, तो पहाटे मर्यादेबाहेरच गाडी हाणत असतो.

हे शहाणपण आम्हाला फुकट आले नाही. काही हंगामांपूर्वी आमच्या गटातला एक ट्रॅक्टरवाला रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना पहाटे मोरीवरून खाली गेला. पाय मोडला, पुढचा हंगाम घरी बसला. कागदावर "चालकाची चूक" लागली. त्या रात्री तोडलेला ऊस फडात पडून आहे म्हणून त्याला तीन वेळा फोन आम्हीच केला होता. तो आदल्या पहाटेपासून ड्यूटीवर आहे हे विचारायचे सुचलेही नाही.

ऊस शिळा होऊ नये हे आम्हीच तुम्हाला शिकवतो. तुटल्यापासून २४ तासांत गाळप व्हावे, नाही तर वजन घटते, साखर उतरते. ते खरेच आहे. पण हे तास वाचवायचे ते तोडणी आणि यार्ड यांचा मेळ घालून. यार्ड तुंबले असताना दुसऱ्या फडात कोयता लावला की तो वेळ ड्रायव्हरच्या झोपेतून निघतो. यात कारखान्याचा दोष अधिक, हे मान्य करायला आम्हाला संकोच नाही. तोडीची चिठ्ठी आमच्याच हातून निघते.

यंदा गट कार्यालयाच्या नोंदवहीत गाडीच्या नंबराशेजारी ड्रायव्हर ड्यूटीवर कधी आला ती वेळ लिहिण्याचा आमचा विचार आहे. फडावर सभासदांनीही विचारावे. बारा तास उलटलेल्या माणसाला "एवढी एकच खेप मार" म्हणून गळ घालू नये. करार करणाऱ्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरच्या लायसनची झेरॉक्स पावसाळ्यातच जोडावी. किन्नर पोराचे नाव दुसरा ड्रायव्हर म्हणून देऊ नये. वीस वर्षे पुरी झाल्याशिवाय वाहतुकीच्या गाडीचे लायसन मिळत नाही.