बहुमाध्यम आणि अतिमाध्यम : फरक ओळखू या

वर्गात पडद्यावर हृदयाचा पाठ पाहताना चित्र हलते, ठोके ऐकू येतात, नावेही दिसतात. अशी अनेक माध्यमे एकत्र आली की त्याला मल्टिमीडिया, म्हणजे बहुमाध्यम म्हणतात. मात्र हा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वाटेने जाऊ शकतो.

आता ‘झडप’ या शब्दावर क्लिक करताच झडपेचे चित्र उघडले, तिथून रक्ताभिसरणाकडे जाता आले, तर ते झाले हायपरमीडिया, अर्थात अतिमाध्यम. इथे वाट शिकणारा निवडतो. हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये मांडला. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. मराठी विश्वकोशात नोंदीखाली ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदी सुचवलेल्या असतात. संगणकावर तोच दुवा क्षणात उघडतो.

विषय नवा असेल तर मूल या दुव्यांत भरकटते. दुवे बरेच उघडतात, हाती थोडेच लागते. म्हणून आम्ही सुचवतो : आधी प्रश्न वहीत लिहावा, दोन-तीनच दुवे पाहावेत, मग संगणक बंद करून उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे.

पालकांनी ‘किती वेळ बसलास?’ यापेक्षा ‘काय सापडले?’ असे विचारावे. विश्वस्तांनी यंत्रांसोबतच शिक्षकांना पाठ तयार करण्यासाठी वेळही द्यावा. पडदा कितीही मोठा असला, तरी प्रश्न मुलाच्या मनातच उमटायला हवा.