स्तनकर्करोगाच्या उपचारानंतरची दिनचर्या

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, की घरातील सर्वांचे लक्ष शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांवर केंद्रित होते. उपचार पूर्ण होऊन रुग्ण घरी परतली, म्हणजे संकट टळले, अशी भावना होणे स्वाभाविक आहे. तिने आता विश्रांती घ्यावी, जड काम करू नये, अंगात शक्ती यावी म्हणून तूपसाखरेचे पदार्थ खावेत, असा घरच्यांचा आग्रह असतो. या आग्रहामागील माया खरी असली, तरी तिचा परिणाम पुष्कळदा उलट होतो. वाढते वजन, वाढती रक्तशर्करा आणि वाढता रक्तदाब यांपासून या स्त्रीला जपणे, हा उपचारांचाच पुढचा भाग होय.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या वर्षी देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. वेळेवर निदान व उपचार झाल्यास अनेक स्त्रिया पुढे दीर्घकाळ जगतात. त्यांच्यापैकी विशेषतः वयस्क स्त्रियांना कर्करोगाइतकाच हृदयविकाराचाही धोका असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दिसून आले. कर्करोगातून बरी झालेली स्त्रीही या धोक्यापासून अलिप्त नाही.

चयापचय बिघडतो कसा?

अन्नाचे ऊर्जेत रूपांतर करणे व उरलेली ऊर्जा साठविणे या शरीरातील क्रियांना चयापचय म्हणतात. त्यातील बिघाड ओळखण्याच्या पाच खुणा आहेत. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरहून अधिक असणे, रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून अधिक असणे, उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असणे, रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असणे आणि हितकारक कोलेस्टेरॉल ५० मिलिग्रॅमहून कमी असणे, या त्या खुणा होत. यांपैकी कोणत्याही तीन आढळल्यास चयापचयाचे संतुलन बिघडले आहे, असे समजले जाते.

उपचारांचाही यात वाटा असतो. केमोथेरपीबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे रक्तशर्करा वाढू शकते. थकव्यामुळे हालचाल मंदावते. तरुण स्त्रियांमध्ये पाळी अकाली बंद झाल्याने वजन वाढते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. काही औषधांचा हृदयावरही परिणाम होतो. शिवाय रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः शरीरातील चरबीत तयार होते आणि स्तनकर्करोगाच्या अनेक प्रकारांत पेशींची वाढ याच संप्रेरकामुळे होते. म्हणून वाढलेली चरबी दुहेरी घातक ठरते.

विश्रांती किती, व्यायाम किती?

अमेरिकेतील परिचारिकांच्या एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. स्तनकर्करोगाच्या निदानानंतर आठवड्यातून तीन ते पाच तास मध्यम गतीने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी असल्याचे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचविला आहे. दररोज अर्धा तास भरभर चालल्यास पाच दिवसांत १५० मिनिटे पूर्ण होतात.

काखेतील गाठी काढलेल्या स्त्रीने कळशी उचलू नये, वजन धरू नये, अन्यथा हात सुजतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जात असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी काहींना देखरेखीखाली हलक्या वजनापासून क्रमाक्रमाने व्यायाम देण्यात आला. त्यांची सूज वाढली नाही. उलट, सूज बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आढळले. मात्र हा व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून, हळूहळू वाढवीत नेणे आवश्यक आहे.

ताटात काय असावे?

आहाराविषयीचे दोन मोठे अमेरिकी प्रयोग उद्‌बोधक आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्निग्ध पदार्थ कमी केलेल्या स्त्रियांचे वजनही थोडे घटले आणि त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी दिसले. २००७ सालच्या प्रयोगात स्त्रियांनी भाज्या व फळे पुष्कळ खाल्ली. पण त्यांचे वजन घटले नाही आणि रोग उलटण्याच्या प्रमाणातही फरक पडला नाही. कोणताही एक पदार्थ चमत्कार करीत नाही, एकूण आहार व वजन यांना महत्त्व आहे, असा बोध यातून घेता येतो.

त्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व ताक हा आपला नेहमीचा आहार उत्तम आहे. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतल्यास केवळ चहातूनच आठ चमचे साखर पोटात जाते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ खाल्ल्याने पिष्ट व तेल यांचाच भरणा होतो. साखर पूर्णपणे वर्ज्य केल्याने कर्करोग उपाशी मरतो, ही समजूत मात्र निराधार आहे. मद्य टाळणे श्रेयस्कर. मिश्री व तंबाखू तर पूर्णपणे सोडलीच पाहिजे.

केमोथेरपी चालू असताना किंवा मुळात वजन कमी असलेल्या स्त्रीने वजन घटविण्याचा प्रयत्न करू नये. तिला पुरेशी प्रथिने व ऊर्जा मिळणे महत्त्वाचे असते. आहार व व्यायाम ही औषधांची जागा घेऊ शकत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

नियमित तपासणी

कर्करोगाच्या फेरतपासणीबरोबरच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तशर्करा व चरबी यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि प्रत्येक भेटीत ती डॉक्टरांना दाखवावी. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब व रक्तशर्करा तपासण्याची सोय आहे.

एकट्या स्त्रीने वेगळे जेवावे व एकटीने फिरावयास जावे, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. घरातील स्वयंपाकच बदलला, सकाळी पती, मुलगी किंवा शेजारीण तिच्यासोबत चालू लागली, तर तिची सवय टिकेल आणि तिच्याबरोबर सर्व कुटुंबाचेच आरोग्य सुधारेल.