इंजिनाचे नाक केवढे असावे?

पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला वाहनांचे वेड नवे नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेली लूना कायनेटिक इंजिनीअरिंगच्या नगर येथील कारखान्यात तयार होत असे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्थाही नगरलाच आहे आणि तेथे वाहनांच्या चाचणीसाठी खास धावमार्ग बांधलेले आहेत. पण गाड्यांची आवड असलेल्या मुलांत एक समजूत हटकून आढळते. हवा आत घेणारे तोंड जितके मोठे आणि मोकळे, तितकी गाडी वेगवान! म्हणून काही जण मोटारसायकलची हवागाळणी चक्क काढून टाकतात. ही समजूत खरी की खोटी, हे आपण आज हिशेबाने ठरवू. लूनापासून निघू आणि थेट विक्रमी वेगाच्या मोटारीपर्यंत जाऊ.

हवा लागते किती?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. येथे एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ किलो भरते. म्हणजे एका किलो पेट्रोलमागे जवळजवळ १४ घनमीटर हवा हवी. आठ फूट लांब, रुंद व उंच अशी खोली भरेल, एवढी ही हवा झाली!

लूनाच्या सिलिंडरचे घनफळ सुमारे ५० घन सें.मी. होते. हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा आत घेणारे. मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर ५० × ५,००० = २,५०,००० घन सें.मी., म्हणजे मिनिटाला २५० लिटर हवा. (प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, त्यामुळे हा आकडा थोडा कमी येतो.) फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते. म्हणून त्याच्या हिशेबात फेऱ्यांची निम्मी संख्या धरावी.

अरुंद नळीचा त्रास

पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून जोराने हवा ओढा. मग शीतपेयाच्या बारीक नळीने तसेच करा. दुसऱ्या वेळी गाल आत जातात. असे का होते? नळीचा व्यास निम्मा केला, की छेदाचे क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरते. तेवढीच हवा ओढायची, तर तिला चौपट वेगाने धावावे लागते. त्यासाठी खर्ची पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो सोळापट होतो. इंजिनाचेही तसेच आहे. अरुंद तोंडातून हवा ओढताना दट्ट्याची शक्ती वाया जाते आणि सिलिंडर अर्धपोटी राहतो.

यावरून आपले सूत्र मिळते:

तोंडाचे क्षेत्रफळ = दर सेकंदास लागणारी हवा ÷ तोंडातून जाणाऱ्या हवेचा वेग

आता विक्रमी मोटार

१२ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ‘गोल्डनरॉड’ या मोटारीने ताशी सुमारे ६५८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. तिच्यात प्रत्येकी सुमारे ७ लिटरची चार इंजिने होती. अशाच एका फोर-स्ट्रोक इंजिनाचा हिशेब करू. मिनिटाला ६,००० फेरे धरले, तर ७ × ३,००० = २१,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.३५ घनमीटर हवा.

मोटारीचा वेग सेकंदाला १८० मीटर धरू. समोरून येणारी हवा याच वेगाने तोंडावर आदळते. सूत्रात घाला: ०.३५ ÷ १८० = ०.००१९४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १९.४ चौ. सें.मी. हे झाले अवघ्या ५ सें.मी. व्यासाचे भोक. सात लिटरच्या इंजिनाला एवढेच पुरते!

पण थांबा. मोटार उभी असताना समोरून हवा येत नाही. तेव्हा त्याच भोकातून इंजिनाला सेकंदाला १८० मीटर वेगाने हवा ओढावी लागेल आणि त्याचा दम कोंडेल. विक्रमाच्या वेगापर्यंत पोहोचायलाही शक्ती लागतेच. उभ्या स्थितीत हवेचा वेग ५० मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही असे ठरवले, तर ७० चौ. सें.मी. तोंड लागते, म्हणजे सुमारे साडेनऊ सें.मी. व्यास.

मग आणखी मोठे का नको? पूर्ण वेगात ७० चौ. सें.मी. तोंडासमोर येणाऱ्या हवेपैकी सुमारे २८ टक्केच इंजिन घेते. उरलेली हवा कडांवरून बाहेर सांडते. कडा गुळगुळीत व गोलसर असल्या तर फारसे नुकसान होत नाही, पण धारदार असल्या तर भोवरे उठतात आणि गाडीला मागे ओढतात. तोंड मोठे, तशी ही सांडही मोठी.

वेगाने मिळणारा दाब

धावती हवा हळूहळू रुंदावणाऱ्या नळीत मंद केली, की तिच्या गतीचे दाबात रूपांतर होते. हा जादा दाब = ½ × घनता × वेगाचा वर्ग. बॉनव्हिल सुमारे १,२८० मीटर उंच आहे. तेथील हवेची घनता १.०३ धरली, तर १८० मीटर वेगाला सुमारे १६,७०० पास्कल जादा दाब मिळतो. तेथील वातावरणाचा दाब सुमारे ८७,००० पास्कल, म्हणजे ही वाढ १९ टक्क्यांची झाली. उंचीमुळे गमावलेला दाब मोटार स्वतःच्या वेगाने भरून काढते! मात्र दाबली गेलेली हवा सुमारे १६ अंशांनी तापते, त्यामुळे घनतेतील वाढ सुमारे १४ टक्केच राहते.

आणि आपली मोटारसायकल?

ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. नगरच्या हवेत जादा दाब मिळेल सुमारे १५३ पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे ९४,००० पास्कल असल्याने हा लाभ सहाशे भागांत एक भाग! विक्रमी मोटारीचा वेग याच्या पावणेअकरा पट, पण जादा दाब मात्र शंभर पटींहून अधिक. सारी किमया त्या वर्गाची आहे.

आता तोट्याची बाजू पाहा. हवागाळणी, नळी आणि कार्ब्युरेटर यांची मापे एकमेकांना जुळवून ठरवलेली असतात. गाळणी काढली, की हवा व पेट्रोल यांचे प्रमाण बिघडते. शिवाय आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवर फुफाटा उडतो. त्यातले कठीण कण सिलिंडरमध्ये शिरून कानशीसारखे काम करतात. सहाशेतला एक भाग मिळवायला इंजिन झिजवणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. गाळणी तुंबली तर मात्र इंजिनाची स्थिती बारीक नळीने हवा ओढणाऱ्या तुमच्यासारखी होते. म्हणून ती काढू नका, वेळच्या वेळी साफ करा.

तुमच्यासाठी एक उदाहरण: २.५ लिटरचे फोर-स्ट्रोक ट्रॅक्टर इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेते. त्याला मिनिटाला किती हवा लागेल? हवेचा वेग सेकंदाला २० मीटर ठेवायचा, तर नळीचा व्यास किती हवा? (उत्तर: २,५०० लिटर, सुमारे ५ सें.मी.) आता शेजारच्या ट्रॅक्टरच्या हवेच्या नळीला पट्टी लावून पाहा आणि तुमच्या उत्तराशी ताडून घ्या.