ऑक्सिजन मशीन संध्याकाळीच का ओरडते?

प्रश्न : वडिलांना फुप्फुसांचा जुना आजार आहे. डॉक्टरांनी घरी 5 लिटरचं ऑक्सिजन मशीन लावून काटा 2 वर ठेवायला सांगितलंय. आम्ही गावाबाहेर मळ्यात राहतो. दिवसभर मशीन गुमान चालतं, पण काही दिवस संध्याकाळी पिवळा दिवा लागतो आणि बिप वाजायला लागतं. दुरुस्तीवाला दुपारी येतो तेव्हा सगळं ठीक असतं. घरात लाइट तर चांगली असते. मशीनच खराब आहे का? – एक वाचक, म्हसवड

उत्तर : मशीन खराब असते तर ते बहुधा दुपारीही ओरडले असते. बिघाड वेळापत्रक पाळत असेल, तर आधी संशय विजेवर घ्यावा.

हे मशीन ऑक्सिजन तयार करत नाही, तो वेगळा काढते. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. आतला कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून नेतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि बाहेर साधारण 90 ते 96 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन येतो. दाब पुरेसा नसला की नायट्रोजन नीट अडत नाही, शुद्धता उतरते आणि पिवळा दिवा लागतो.

दाब का पडतो, याचे उत्तर तुमच्या मळ्यात आहे. शेतीची थ्री फेज पाळीने येते. अनेक मोटारींना ऑटोस्विच असतात, त्यामुळे लाइन आली की एका डीपीवरच्या मोटारी एकदमच सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून व्होल्टेज खाली जाते. संध्याकाळी घरांचाही भार वाढतो. 230 व्होल्टचे 180 झाले, तर कॉम्प्रेसरच्या मोटारीचा जोर सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आणि ‘लाइट चांगली आहे’ यावर विसंबू नका. जुना पिवळा बल्ब व्होल्टेज पडले की मंद व्हायचा. एलईडीच्या आतले सर्किट प्रकाश सांभाळून घेते, त्यामुळे दिवा लख्ख आणि कॉम्प्रेसर मात्र दमलेला असे होऊ शकते. टेस्टरही वीज आहे एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही.

म्हणून सॉकेटात बसणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणा आणि आठवडाभर एका वहीत तीन गोष्टी लिहा : बिप वाजल्याची वेळ, त्या क्षणीचे व्होल्टेज आणि शेतीची लाइन चालू होती का. 207 ते 253 व्होल्ट ठीक मानता येईल. बिपच्या वेळी आकडा याच्या खाली असेल तर दोष लाइनचा. आकडा ठीक असूनही बिप वाजत असेल तर दोष मशीनचा.

लाइनचा दोष निघाला तर 1 केव्हीएचा चांगला स्टॅबिलायझर लावा. घेताना तो किती खालच्या व्होल्टेजपर्यंत काम करतो ते पाहा. तुमच्या वहीतला सर्वांत कमी आकडा त्या मर्यादेत बसला पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. ढिले सॉकेट वायरमनकडून बदलून घ्या. अर्थिंगही तपासून घ्या : तुमच्या माण तालुक्यासारख्या कमी पावसाच्या भागात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. काही दिवे अचानक फार प्रखर आणि काही मंद झाले, तर लाइनची न्यूट्रल तुटलेली असू शकते. लगेच मेन स्विच बंद करा.

मशीनचा दोष निघाला तर सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा. धुळीने भरलेला बाहेरचा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवा. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत नसतील तर झाकण तिरके बसले आहे का, नळी कुठे दुमडली आहे का ते पाहा. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे पिवळा दिवा लागणे नेहमीचेच. एवढे करूनही दिवा राहिला तर आतले खडे किंवा कॉम्प्रेसर तपासावा लागेल. ते काम दुरुस्तीवाल्याचेच.

काट्याला मात्र हात लावू नका. बिप वाजले की घाबरून 2 चे 4 करावेसे वाटते. पण फुप्फुसांच्या जुन्या आजारात जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणसाला गुंगी येऊ शकते. अशा अनेक रुग्णांत रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्क्यांदरम्यान ठेवतात. वडिलांसाठी कोणती हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. काटा वाचताना तरंगत्या गोळीचा मध्य रेषेवर धरा.

प्रश्न : लाइट गेलीच तर इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल?

उत्तर : 5 लिटरचे मशीन साधारण 350 वॅट घेते. 150 एएचची नवी बॅटरी तीनेक तास ओढेल, जुनी त्याहून बरीच कमी. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि तापतो. त्यापेक्षा खात्रीचा आधार म्हणजे भरलेला सिलिंडर. बी टाइपमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला 2 लिटरने बारा तास. बिप वाजले की आधी वडिलांना सिलिंडर लावा, मग मशीनकडे वळा. निरांजन, उदबत्ती, चूल आणि बिडी हे सगळे मशीन व सिलिंडर या दोन्हींपासून लांब ठेवा. श्वास वाढला, ओठ निळे पडले किंवा ते गुंगीत जाऊ लागले तर 108 ला फोन करा.

आणि ती वही फाडू नका. महावितरणच्या 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि स्थानिक कार्यालयात वहीच्या झेरॉक्ससह अर्ज द्या. ‘लाइट बरोबर नाही’ या तक्रारीवर वायरमन एक चक्कर मारून जातो. ‘अमुक दिवशी सव्वासात वाजता 178 व्होल्ट’ असे आठ दिवसांचे टिपण समोर असेल तर डीपीवरचा भार मोजायला कारण मिळते.