सुंता आणि एच.आय.व्ही.



सुंता केल्याने एच.आय.व्ही. टळतो का, असे वरच्या वर्गांतील मुले विचारतात. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या २२९८ पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्यांत एच.आय.व्ही.ची लागण बरीच कमी आढळली, कारण सुंतेत निघणाऱ्या त्वचेच्या आतल्या बाजूने हा विषाणू सहज शिरतो. गरमी-परम्यापासून मात्र बचाव दिसला नाही.

पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडातील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली. उरलेला धोका राहतोच. म्हणून सुंता झालेली असो वा नसो, कंडोम व रक्ततपासणी सुटत नाही. सरकारी केंद्रांत तपासणी मोफत होते व नाव गुप्त राहते.

पालकांना आमची विनंती : मुलांनी विचारले तर रागावू नका, खरे ते सांगा.