सिंहाची सायंकाळ आणि आपली रात्र

अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात सिंहाचा एक दृष्टान्त आहे. सायंकाळी सिंह गुहेबाहेर येतो, अंग ताणतो, चारही दिशांना पाहतो, तीन वेळा गर्जना करतो आणि मगच भक्ष्याच्या शोधात निघतो. या गर्जनेचे कारणही तेथे सांगितले आहे. आडवाटेवर सापडलेल्या लहान जीवांना आपल्यामुळे इजा होऊ नये, ही त्यामागील दक्षता. ज्याच्या अंगी बळ आहे त्याने आधी सावध करावे, असा हा बोध आहे. रात्रीच्या वेळी भक्ष्यावर बसलेले श्वापद पाहण्याची ओढ ज्यांना वाटते, त्यांनी तो विशेष लक्षात ठेवावा, असे आम्हांस वाटते.

आफ्रिकेबाहेर मुक्त सिंह आज केवळ गुजरातमधील गीर आणि त्याभोवतीच्या प्रदेशात उरले आहेत. 2020 साली त्यांची संख्या 674 होती. 2025 च्या गणनेत ती 891 भरली. गीरमधील नर व माद्यांचे कळप बहुधा वेगवेगळे राहतात. मीलनाच्या काळात किंवा मोठी शिकार झाल्यावर ते एकत्र दिसतात. चितळ, सांबर आणि गुरे हे त्यांचे भक्ष्य. डोळ्यांतील परावर्तक पडद्यामुळे अंधूक प्रकाशही त्यांना पुरतो, म्हणून त्यांच्या शिकारीचा मोठा भाग रात्रीच होतो. भक्ष्यावर मात्र बळाचा क्रम चालतो. छाव्यांच्या वाट्याला बहुधा उरलेले येते. अशा वेळी माणसांच्या गोंगाटाने कळप उठला, तर उपाशी राहतात ती दुबळीच.

हे दृश्य हमखास दिसावे म्हणून गीरमध्ये काही दशकांपूर्वी रेडकू बांधून ‘लायन शो’ भरविले जात. पुढे ते अधिकृतपणे बंद झाले. तरीही चोरून, रात्री, गाय किंवा कोंबडी पुढे करून असे खेळ करणाऱ्यांवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हे नोंदविले गेले आहेत. यात दोन अन्याय घडतात. बांधलेल्या जनावराला पळण्याची वाट नसते. आणि माणूस म्हणजे आयते अन्न, अशी सिंहाला सवय लागते. माणसाविषयीचे त्याचे भय जाते. 1987-88 च्या दुष्काळानंतर गीरभोवती माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हा अभ्यासकांनी त्याची कारणे शोधताना या जुन्या सवयीचाही विचार केला. आज गीरची पर्यटन सफारी सूर्यास्तापूर्वी संपते.

याच जुनागढच्या परिसरात, गिरनारच्या पायथ्याशी, सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख एका खडकावर कोरलेले आहेत. राजाच्या पाकशाळेतील प्राणिहत्या घटवीत नेण्याचा संकल्प पहिल्या लेखात आहे, तर माणसांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था दुसऱ्या लेखात. ज्या सम्राटाच्या सारनाथ स्तंभावरील सिंह आज आपली राजमुद्रा आहेत, त्याने शक्तीला करुणेची मर्यादा घातली होती.

आपल्या वाशिम जिल्ह्यात सिंह नाहीत. तरी ही मर्यादा आपल्यालाही लागू आहे. कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेले अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. काटेपूर्णा अभयारण्य अकोला व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री राज्यातील अनेक जंगलांत पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसून प्राणी मोजण्याची प्रथा आहे. वैशाखात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते, म्हणून प्राणी तेथे येतात. चांदणे पुरेसे असते, म्हणून विजेरी लागत नाही. आमिष नाही, प्रकाशझोत नाही, बोलणे नाही. जे येईल ते पाहावे, न आले तर रिकाम्या वहीने उतरावे. तथागतांच्या जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाणाची ही पौर्णिमा. त्या रात्री मौनाने बसणे हीदेखील एक साधनाच होय.

रात्र जागविणे आमच्या मुलांना नवे नाही. रानडुक्कर व रोह्यांपासून पीक राखण्यासाठी त्यांचे आईबाप मळ्यात जागल करतात. अशाच रात्री एखाद्या शिवारात बिबट्या शेळी मारतो. बातमी गावात पोहोचते, मोबाइलचे दिवे लागतात, तरुण धावतात. भक्ष्यावरून हुसकलेला बिबट्या उपाशी जातो आणि पुन्हा दुसऱ्या गोठ्याकडे वळू शकतो. कोंडला गेला तर अंगावर येतो, आणि बळी जातो तो बहुधा पुढे धावलेल्या पोराचा.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. मेलेले जनावर जागेवरून हलवू नये; वन विभागास तत्काळ कळवावे आणि पंचनामा होऊ द्यावा. पशुधनाच्या हानीची भरपाई त्यावरच अवलंबून असते. मृत जनावरावर विष टाकू नये. त्याने कोल्हे, कुत्री, गिधाडे असे निरपराध जीवही मरतात. कुंपणात वीजप्रवाह सोडू नये. त्यात आपलाच शेजारी सापडतो. लहान मुलांना घरात ठेवावे आणि गर्दी पांगवावी. ज्याची शेळी गेली त्या कुटुंबाच्या दारी मात्र अवश्य जावे. त्यांचे दुःख तमाशाच्या गर्दीत हरवू देऊ नये.

पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. हातात दिवा आणि मागे गर्दी असते तेव्हा त्या शिवारात बलवान आपणच असतो. भक्ष्याला निघण्यापूर्वी लहान जीवांची काळजी वाहणारा सुत्तातील सिंह त्या वेळी आठवावा, आणि आपले पाऊल मागे घ्यावे.