पळसाला पाने तीनच?



'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाव सोडले, मालक बदलला, तालुक्याला गेलो काय नि मुंबईला गेलो काय, आपल्या वाट्याला यायचे ते चुकत नाही, असा तिचा अर्थ. म्हातारी माणसे ती उसासा टाकून म्हणत. या लेखात आपण त्या पळसाकडेच जाणार आहोत. मात्र हातात कॅमेरा घेऊन, आणि एकदा नव्हे तर वर्षभर.

फोटो काढण्याचा धम्माशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. त्या काळी कॅमेरा नव्हता, पण प्रश्न हाच होता.

जातककथांमध्ये किंसुकोपम नावाचे एक जातक आहे (क्रमांक २४८). किंसुक म्हणजे पळस. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाला चार मुले होती. पळस कसा असतो तो आम्हांला दाखव, असे त्यांनी सारथ्याला सांगितले. सारथ्याने चौघांना एकदम नेले नाही. थोरल्याला नेले तेव्हा उघड्या फांद्यांवर नुसते कळे धरले होते. दुसऱ्याला नेले तेव्हा कोवळी पाने होती. तिसऱ्याला ऐन फुलोऱ्यात नेले आणि चौथ्याला शेंगा धरल्यावर. पुढे एके दिवशी चौघे एकत्र बसले असता पळसाची गोष्ट निघाली. पहिला म्हणाला, जळक्या खुंटासारखा असतो. दुसरा म्हणाला, छे, वडासारखा. तिसरा म्हणाला, मांसाच्या तुकड्यासारखा. चौथा म्हणाला, शिरीषासारखा. वाद मिटेना, म्हणून ते बापाकडे गेले. राजा म्हणाला, झाड तुम्ही चौघांनीही पाहिले आहे. पण सारथी दाखवीत असताना 'या वेळी हे असे, मग त्या वेळी कसे?' हे तुमच्यापैकी एकानेही त्याला विचारले नाही.

(आपल्याकडच्या पळसाला आधी फूल येते, पालवी मागून. तेव्हा कथेतल्या क्रमाने चौघांना झाड दाखवायला त्या सारथ्याला वर्षाहून अधिक काळ लागला असणार. त्याची चिकाटी राजपुत्रांपेक्षा मोठी!)

हीच उपमा संयुत्त निकायातील किंसुकोपम सुत्तात येते. एक भिक्खू चार भिक्खूंना विचारतो की, दर्शन शुद्ध कशाने होते? एक म्हणतो, सहा स्पर्शायतनांचा उदय आणि अस्त जाणल्याने. दुसरा पंचस्कंध सांगतो, तिसरा चार महाभूते. चौथा म्हणतो, जे जे उत्पन्न होते ते ते निरोध पावते, हे जाणल्याने. विचारणारा गोंधळतो. उत्तरे चार, मग खरे कोणते? तेव्हा तथागत त्याला पळसाची उपमा देतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पळस पाहिलेल्यांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. ज्याने जे पाहिले ते त्याने सांगितले. चूक पाहण्यात नाही. पाहिले तेवढ्यालाच पूर्ण मानण्यात आहे.

आता आपल्या हातातल्या फोटोकडे पाहा. तो राजपुत्राच्या उत्तरासारखाच असतो. खरा असतो आणि अपुराही असतो. फाल्गुनात रस्त्याने जाणारी माणसे गाडी थांबवून फुललेल्या पळसाचा फोटो काढतात, चार जणांना पाठवितात आणि पुढे जातात. ते झाड श्रावणात त्यांना ओळखूही येत नाही. फुलाचा लोभ म्हणजे झाडाशी ओळख नव्हे.

म्हणून मी एक अभ्यास सुचवितो. आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे एक झाड निवडा. पळसच पाहिजे असे नाही. कडुनिंब चालेल, विहाराच्या अंगणातला पिंपळ असेल तर उत्तमच. झाडापासून पंधरा-वीस पावलांवर एक दगड ठेवा. दर पौर्णिमेला, विहारात वंदनेला जाण्यापूर्वी, सकाळी त्या दगडापाशी उभे राहून एकच फोटो काढा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, तोंड त्याच दिशेला. साधा मोबाइल पुरेसा आहे. पूर्वी एका रोळात छत्तीस फोटो बसत आणि प्रत्येकाला पैसे पडत, म्हणून माणूस बटण दाबण्याआधी विचार करी. आता पैसे पडत नाहीत, म्हणून विचारही पडत नाही. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी दहा श्वास मोजा. वर्षाचे बारा फोटो होतील, अधिक मास आला तर तेरा.

मी हे केले ते आमच्या विदर्भातल्या एका पळसावर. फाट्यावरून गावाकडे वळले की डाव्या हाताला धुऱ्यावर तो उभा होता. वाकडातिकडा बुंधा, राखाडी खरबरीत साल. पौषात त्याची पाने चामड्यासारखी जाड, धुळीने भरलेली, कडेने पिवळी पडलेली असत. त्या महिन्याचा फोटो मला कंटाळवाणा वाटला. तो पुसून टाकावा असेही मनात आले होते. माघात पाने गळाली आणि फांद्यांवर काळपट तपकिरी, मखमली कळे दिसू लागले. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, आणि थोरल्या राजपुत्राचा जळका खुंट मला माझ्याच मोबाइलमध्ये सापडला! अडीच हजार वर्षांपूर्वीची ती नजर किती बारीक होती. कळ्याचे ते काळे कवच फुलल्यावरही देठाशी राहते. केशरी पाकळी त्या काळ्यामुळेच इतकी पेटलेली दिसते. फाल्गुनात लांबून केशरी रंग पाहणाऱ्याला ते काळे दिसत नाही. माघात तेथे उभा राहिलेल्याला दिसते.

फाल्गुनी पौर्णिमेला झाड पूर्ण फुलले. चोचीसारखी वळलेली फुले, त्यांतला मध पिण्यासाठी साळुंक्या, कोतवाल, शिंजीर यांची गर्दी, खाली फुलांचा सडा. आणि पाने? मोजून पाहा. तीन नव्हेत, एकही नाही. ज्या म्हणीने आपल्या आजोबा-पणजोबांना 'हे असेच चालायचे' म्हणून गप्प बसविले, ती म्हण करणाऱ्याने फाल्गुनात पळसाखाली जाऊन वर पाहिलेले दिसत नाही.

या महिन्यात फोटो काढणाऱ्याने एक सांभाळावे. दुपारच्या उन्हात मोबाइल केशरी रंग इतका भडक करतो की पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात, नुसता डाग उरतो. सकाळी लवकर जावे, पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. आणि घरी आल्यावर रंग वाढवू नये. माझे मत कोणाला कडक वाटेल, पण मुसावादापासून विरत राहण्याचे शील जिभेप्रमाणे चित्रालाही लागू आहे, असे मी मानतो.

चैत्रात चपट्या, फिकट हिरव्या शेंगा लोंबू लागतात आणि कोवळी पालवी फुटते. ती हाताला रेशमासारखी लागते. सूर्य झाडामागे असताना फोटो घेतला तर प्रत्येक पान आतून उजळल्यासारखे दिसते. वैशाख पौर्णिमेला, सगळे शिवार करपलेले असताना, हा मात्र हिरवा होता. आषाढापासून पुढचे चार महिने फोटोंत फारसा फरक नाही. मोठी, गडद पाने, ढगाळ मऊ उजेड. लेन्सवरचे पावसाचे थेंब कोरड्या फडक्याने पुसावे, एवढीच काळजी. अश्विनात पानांना किड्यांनी भोके पाडलेली असतात. हे सुंदर आहे की नाही, असा प्रश्न एव्हाना मला पडेनासा झाला होता.

आपल्यातले काही उपासक म्हणतात की, सगळे अनिच्च आहे, मग फुलापानांचे कौतुक कशाला? ही समजूत बरोबर नाही. मज्झिम निकायातील महागोसिंग सुत्तात चांदणी रात्र आहे, शालवृक्ष फुलले आहेत आणि ते वन रमणीय आहे असे स्वतः सारिपुत्त म्हणतात. थेरगाथेत काळुदायी थेर तथागतांना कपिलवस्तूला चलण्याची विनंती करतात, ती जुनी पाने टाकून निखाऱ्यासारख्या दिसणाऱ्या झाडांचे वर्णन करून. सौंदर्य पाहणे म्हणजे तण्हा नव्हे. ते तसेच राहावे म्हणून मुठीत धरणे ही तण्हा. आणि खरे सांगायचे तर कॅमेऱ्याइतकी घट्ट मूठ दुसरी नाही. म्हणूनच एका फोटोवर न थांबता पुढच्या पौर्णिमेला परत जायचे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अनित्यतेची जी मांडणी केली आहे, ती या संदर्भात मुळातून वाचावी. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. अनित्यता म्हणजे रडगाणे नव्हे, असे त्यात स्पष्ट दिसते. वस्तू बदलत नसत्या तर जीवनाची वाढच खुंटली असती, मानवजातीची प्रगती जागच्या जागी थांबली असती, असे ते सांगतात. माणूस आपल्या आयुष्याच्या कोणत्याही दोन क्षणी तोच नसतो. अनिच्च हा शब्द ज्याला मृत्यूचीच आठवण देतो, त्याने तो अर्धाच ऐकला आहे.

माझ्याकडे माझ्या वडिलांचा एकच फोटो आहे. तालुक्याच्या ठिकाणी काढलेला. कोट स्टुडिओवाल्याचा, मान ताठ, डोळे मोठे, ओठ मिटलेले. माझ्या मुलांना वाटते, आजोबा फार कडक असतील. प्रत्यक्षात ते गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. ते हसू कोणी टिपले नाही. तेवढे पैसे नव्हते. पुष्कळ घरांत भिंतीवर असाच एक फोटो असेल. आपल्या माणसांना तर जगाने शतकानुशतके एकदाच पाहिले. जन्मले त्या दिवशी, त्या वस्तीत, आणि त्यावरूनच हा कसा आहे ते कायमचे ठरविले. तो वाढेल, शिकेल, उद्या निराळा असेल, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. त्या चार राजपुत्रांना निदान विचारायला एक बाप तरी होता.

आणि आपणही हेच करतो, हे कबूल केले पाहिजे. रागावलेली सून, नापास झालेला मुलगा, विहाराच्या बैठकीत वाद घालणारा कार्यकर्ता. यांचा एकेक फोटो आपण मनात लावून ठेवलेला असतो, आणि पुन्हा त्या दगडापाशी जात नाही.

माझ्या पळसाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी कार्तिकात रस्ता रुंद करण्यासाठी तो तोडला गेला. मी पौर्णिमेला गेलो तेव्हा जमिनीलगत कापलेला खुंट होता, आणि सालीतून लाल डिंक ओघळून सुकला होता. माझा दगड मात्र जागेवर होता. बराच वेळ उभा राहिलो. मग नेहमीच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो काढला. फोटोत वरचा सगळा भाग नुसते आकाश आहे. त्यानंतरचे महिनेही काढत राहिलो. येणारे-जाणारे विचारत, गुरुजी, काय काढता? काही सांगता येत नसे.

आषाढात खुंटाच्या कडेने मुळातून दोन फुटवे वर आले. वीतभर उंच, प्रत्येक देठाला तीन तीन पाने. पूर्वीच्या चौकटीत ते अगदी तळाशी, गवतात हरवल्यासारखे दिसतात. उंची बदलावी, खाली बसून फोटो काढावा, असा मोह होतो. पण मी छातीच्या उंचीवरूनच काढतो आहे.